चौदा टॉर्चच्या घरात

लग्नाला सहा महिने झाले. माहेरी फोन केला की आई विचारते, "काय नवीन?" मी म्हणते, "काही नाही." टॉर्चवाल्यांचे किस्से सांगितले तर तिला वाटेल, पोरीवर काहीतरी परिणाम झालाय. म्हणून ते साचतच जातात.

माहेरी एकच टॉर्च होती, दारामागच्या खिळ्याला. इथे, अकोल्याकडच्या मालेगावला, एकट्या यांच्याच चौदा! सगळ्या हातानं घडवलेल्या, मखमली डब्यांत. पहिल्याच आठवड्यात लाइट गेली. मी म्हटलं, "अहो, एखादी टॉर्च लावा ना."

यांनी मोबाइल काढला. "त्याईले चरे पडतीन ना!"

*

या टॉर्च घडवतात विलासभाऊ. एरवी लेथवर पंपाचे पार्ट काढतात. एका बॅचमध्ये फक्त सात टॉर्च, आणि बुकिंग नाही. तुमची जुनी टॉर्च हातात घेऊन पाहणार, मग तुम्ही नवीच्या लायकीचे आहात का ते ठरवणार!

अकोल्याच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "उजेड किती लांब पडते?"

"लांबचं पाहाचं असन तं जवळ जा ना बापा!"

गिऱ्हाईक रिकाम्या हातानं अकोल्याला.

*

रविवारी टॉर्चवाल्यांचं मंडळ आमच्या बेडरूममध्ये भरतं. भर दुपारी अंधार तिथेच करता येतो. हे, विलासभाऊ आणि किन्हीराजा गावचे एक गुरुजी. दार बंद, खिडकीवर माझी लग्नातली शाल, भिंतीवर तीन टॉर्चच्या उजेडाचे पांढरे गोल.

"तुमचा पिवळसर हाय."

"पिवळसर? डोळे तपासा, गुरुजी!"

शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "काय करून राह्यले वं आत?"

"उजेड पाहून राह्यले."

काकूंनी वर उन्हाकडे पाहिलं. मग बराच वेळ माझ्याकडे.

*

यंदाच्या बॅचमधल्या सहा गेल्या. सातवीत यांचा जीव अडकलेला. भरवसा एकच, दोन वर्षं खिशात बाळगलेली, विलासभाऊंनीच घडवलेली तांब्याची टॉर्च. पेटवायची नाही, नुसती हाताळायची! हात लागून लागून तांब्यावर जो काळपट-जांभळा रंग चढतो, तीच यांची पुण्याई.

"रविवारी विलासभाऊ पायतीन अन् देतीनच," हे आठवडाभर म्हणत होते.

शनिवारी सासूबाईंनी देवाची भांडी घासायला काढली. चिंच, मीठ. थोड्या वेळानं ओट्यावर ओळीनं ताम्हण, पळी आणि टॉर्च. लखलखीत!

यांनी ती उचलून उलटसुलट पाहिली. "आई, काहून वं घासली?"

"तांब्याची हाय ना? किती काळी पडली होती! घरात नवी सून, कोणी पाह्यलं तं काय म्हनन?"

*

रविवारी विलासभाऊ आले. टॉर्च हातात घेतली.

"कोनं घासली?"

यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं! मी पाण्याचा ट्रे धरून उभी.

आतून सासूबाई कडाडल्या, "तिले अजून दुधाचं पातेलं धड घासता येत नाही! मी घासली!" आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या.

विलासभाऊंनी टॉर्च खिडकीकडे धरली. हळूहळू फिरवली.

"लेथवरून उतरली तवा अशीच होती," ते स्वतःशीच म्हणाले.

मग खिशातून सातवी काढली. यांचे दोन्ही हात पुढे.

विलासभाऊंनी ती त्या हातांवरून पलीकडे नेली, सासूबाईंच्या हातात ठेवली आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "मावशी, चिंच नवी लागते का जुनी?"