माहेरी गेलेलं हृदय

“आमटीत मीठ नाही, चहात साखर नाही, मग मला जगवताय कशाला?” माझे अण्णाकाका हृदयाच्या वॉर्डात खाटेवरून ओरडत होते. ओरडणं तरी कसलं. हा माणूस तालमीत शड्डू ठोकायचा तेव्हा पंचगंगेतले मासे दचकून काठावर येऊन बसायचे. तूप तो तांब्याने प्यायचा आणि काकू दुसरा तांब्या घेऊन मागे उभ्या असायच्या. ते दिवस गेले, आता तेच काळीज दमलं होतं.

डॉक्टरीणबाई समजावत होत्या, “धडधाकट हृदय मुख्यतः चरबीवर चालतं. थकलं की बऱ्याचदा साखरेकडे वळतं. इंधन बदललं की पेशींतल्या जनुकांचं कामही बदलतं. आईच्या पोटात असताना जागी असलेली, पुढे निजलेली जनुकं पुन्हा उठतात.”

म्हातारी माणसं आठवणीत फार तर शाळेपर्यंत मागे जातात. हे हृदय थेट जन्माच्याही मागे गेलं होतं.

काका हळूच उशाशी बसलेल्या काकूंना म्हणाले, “म्हणजे दमून माहेरी गेलंय म्हण की. परत येईल ना गं?”

काकू म्हणाल्या, “आणायला जावं लागतं. आमटी प्या.”