आठवेशीचं मटण आणि चौथं ताट

नाना, म्हणजे माझे सासरे, जाऊन वर्ष झालं. त्या वर्षात आईंनी, माझ्या सासूबाईंनी, स्वतःसाठी एकदाही काही मागितलं नव्हतं. त्यामुळे मागच्याच्या मागल्या शनिवारी त्या अचानक म्हणाल्या, "मला आठवेशीचं मटण खायचंय," तेव्हा माझ्या नवऱ्याला, संजयला, इतका आनंद झाला की तो तसाच उठून गाडीच्या चाकांत हवा भरायला गेला. मी स्वतः मटण खात नाही. माहेरी सवय नाही, वासानेच पोटात ढवळतं. त्यात मी पहिल्या नंबरची भित्री. आठवेस गावात मेलेली माणसं दिसतात असं कुणाकुणाकडून ऐकलेलं होतं. पण वर्षभराने सासूने काही मागावं आणि सुनेने नाक मुरडावं, हे बरं दिसलं नसतं.

रविवारी सकाळी आठला जालन्यातून निघालो. मी, संजय, आई आणि आमची सात वर्षांची रेवा. आईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं. नाना गेल्यापासून ते कपाटातून बाहेर निघालं नव्हतं. मला वाटलं, चला, मन जरा ताळ्यावर येतंय.

आठवेस नकाशात शोधू नका, सापडत नाही. अंबड, वडीगोद्री करत शहागडला पोचायचं, तिथवर रस्ता झकास आहे. शहागडला हायवेवर ट्रकांच्या रांगेत गाडी लावून चहा घेतला. दहा रुपयांना कप, आलं भरपूर. चहावाल्याला वाट विचारली तर त्याने आधी गाडीत कोण कोण बसलंय ते बघितलं.

"नदीच्या कडंकडंनं जावा. दुपारी तीनच्या आत निघा तिथून," तो म्हणाला. "अन् तिथं जे इचारतील ते बराबर सांगा. खोटं बिलकुल न्हाई."

"का बुवा?" संजयने हसत विचारलं.

"मी एकदा गेल्तो. आता जात न्हाई," एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पुढचा रस्ता उसातून जाणारी गाडीवाट आहे, सहा-सात किलोमीटरला अर्धा तास लागतो. लहान गाडी असेल तर पावसाळ्यात अजिबात जाऊ नका.

गावाला दगडी तटबंदी आहे आणि आठ वेशी. सात वेशींतून माणसं, बैलगाड्या, जीपा येतात-जातात. आठवी नदीच्या अंगाला आहे. तिच्यापुढे रस्ता नाही, पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. गावातल्या एकाही घराचं दार त्या बाजूला नाही. बाहेर उन्हाने डोकं तापत होतं, पण त्या वेशीसमोरून जाताना गाडीच्या काचेतून गार, ओलसर वारा आत आला. मी काच वर केली. आईंनी त्यांच्या बाजूची काच खाली केली.

कासमचाचांचं मटणाचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला आहे, आठव्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर. चार पिढ्यांचं दुकान. चाचा कापतात, मागच्या चुलींवर त्यांची सून नसीमभाभी शिजवते आणि ओसरीवर सतरंजी टाकून वाढते. स्वच्छता इतकी की माझ्यासारखीलाही तिथे उभं राहता आलं. ताटाला अडीचशे रुपये, भाकरीसकट. गंमत म्हणजे दुकानात तराजूच नाही. किलो-अर्धा किलो असा हिशोबच नाही. जेवढे खाणारे, तेवढे वाटे कापतात आणि प्रत्येकाचा वाटा वेगळ्या मडक्यात शिजवतात. एका चुलीवर ओळीने चार-चार छोटी मडकी रटरटत असतात.

चाचांनी सुरा पुसला आणि विचारलं, "खाणारी तोंडं किती? बराबर सांगा."

"चार," आई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आता इथे माझी चूक कबूल करते. आमच्याकडे परक्यांसमोर 'सून खात नाही' असं सांगायची पद्धत नाही. सांगितलं की मग तिच्यासाठी वेगळं काय करायचं यावरून सगळं घर हलतं, आणि मला ओशाळल्यासारखं होतं. मी कुठेही गेले तरी मुकाट्याने ताट घेते, मटण हळूच संजयकडे सरकवते आणि भाकरी-ठेच्यावर भागवते. तेच करू म्हटलं.

चाचांनी परत विचारलं, "चार?"

"चारच," आई म्हणाल्या. चाचांनी चार वाटे कापले.

बाराच्या सुमाराला पानं वाढली. संजय, मी, रेवा, मग थोडी मोकळी जागा आणि आई. रश्शाचा लाल तवंग बघून संजय खूष झाला. मी माझं ताट त्याच्याकडे सरकवणार, तोवर आईंनी हात लांब करून ते उचललं आणि रेवाच्या आणि स्वतःच्या मधल्या जागेवर ठेवलं.

"ताई, तुम्ही खात न्हाई?" नसीमभाभीने विचारलं.

"नाही हो, मला चालत नाही."

तिच्या हातातली भाकरीची टोपली खाली आली. "अब्बा! जल्दी आओ! चौथं ताट मोकळं हाय!"

चाचा सुरा टाकून धावत आले. तोवर रेवाच्या शेजारची सतरंजी दबली होती. कुणी मांडी घालून बसावं तशी. दोन गुडघ्यांचे खळगे मला स्वच्छ दिसत होते. दोन्ही रेवाच्या दिशेला वळलेले. ताटातली वाफ सरळ वर न जाता त्या जागेकडे झुकली. आणि रेवाच्या गालावर आलेली केसांची बट आपोआप उचलली गेली आणि कानामागे जाऊन बसली. तिची बट अशी फक्त नाना सारायचे.

मी रेवाचा दंड घट्ट धरला.

"वाटा कापला त्याचा खाणारा पाह्यजे," चाचा दबक्या आवाजात म्हणाले. "न्हाई तर त्या वेशीपलीकडचा, मेलेला माणूस येऊन बसतो. अन् एकदा जेवला, की एकटा जात न्हाई. एकाला संगं नेतो."

"मला ठाऊक हाय," आई म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "मला न्यायला आलेत ते. मीच बोलावलंय. जेवू द्या त्यांना."

"आई, काय बोलून राह्यलीस!" संजय उठायला लागला.

"आजी, ते तुमच्या हातात नसतं," चाचा म्हणाले. "ज्याच्यावर त्याचा जास्त जीव, त्यालाच नेतो."

आईंचा चेहरा उतरला. आम्ही तिघांनीही रेवाकडे बघितलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी नानांनी एकच नाव घेतलं होतं, आणि ते आईंचं नव्हतं.

"काय करू?" मी विचारलं.

"वाटा तुमच्या नावाचा हाय. तुम्ही खा. जल्दी. काही उरवू नका."

ताटातला रस्सा कडेने कमी व्हायला लागला होता. मी ताट ओढलं. ते सहज आलं नाही, पलीकडून कुणीतरी धरल्यासारखं वाटलं. मी रेवाला दुसऱ्या हाताने मांडीवर घेतलं आणि खायला लागले. जन्मात पहिल्यांदा. तोंड भाजत होतं, घशाशी येत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, भाभी पाठीवर हात फिरवत होती आणि चाचा "अजून, अजून" म्हणत होते. हाडंसुद्धा चोखून संपवली. ताट बोटाने पुसून चाटलं, तेव्हा सतरंजीतले खळगे हळूहळू भरून आले. गार वारा ओसरीवरून वेशीकडे निघून गेला.

"आई, तू रडतेस का? तिखट आहे?" रेवाने मला विचारलं. तिला काहीच कळलं नव्हतं.

एक वाजता आम्ही गाव सोडलं. मला दोनदा गाडी थांबवायला लावून उलटी करावीशी वाटली आणि दोन्ही वेळा भीतीने तोंड दाबून धरलं. पोटातलं बाहेर पडलं तर ताट परत मोकळं होईल, असंच वाटत होतं.

तुम्ही जाणार असाल तर जा. मटण उत्तम असतं म्हणे, आणि चाचा-भाभी लाखात एक माणसं आहेत. फक्त न खाणारं माणूस बरोबर असेल तर आधी सांगा, लाजू नका.

घरी आल्यावर आठ दिवस आई माझ्याशी बोलल्या नाहीत. मी त्यांना जाऊ दिलं नाही, म्हणून राग असेल असं मी धरून चालले. रोज सकाळी आधी रेवाच्या, मग आईंच्या अंथरुणाकडे बघायचं, हा माझा नेम झाला होता. शेवटी काल दुपारी मेथी निवडताना धीर करून विचारलं, "आई, माझ्यावर रागावलात?"

"तुझ्यावर कशाला रागवू?" त्या मेथीच्या काड्या मोडत म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं त्या माणसाला वाढलं गं. मी हाक मारली म्हणून आल्ते. अन् बसले ते माझ्याकडं पाठ करून."

रेवाकडे वळलेले ते दोन खळगे मीही बघितले होते.