फॉर्मवरची जेमाबाई

बासष्टच्या पावसाळ्यानंतर आमची कंपनी नेफात, चीनच्या सीमेवर चढली. मी हवालदार होतो, सेक्शनमध्ये माझ्यासकट नऊ जण. त्यातला शिपाई वेस्ता वसावे मोलगीकडच्या पाड्यावरचा, मी नंदुरबारचा. एवढ्या लांब तो मला गाववालाच वाटे.

वर जाण्याआधी बेस कॅम्पात नॉमिनेशनचे, म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाला मिळावेत याचे, फॉर्म भरायचे होते. वेस्ताला लिहिता येत नव्हतं.

“उस्ताद, तुम्हीच लिहा.”

“बायकोचं नाव?”

“जेमी.”

मी ‘जेमाबाई’ लिहिलं. सरकारी कागदावर नाव पूर्ण असावं असं मला वाटलं. त्याने अंगठा दिला.

सिव्हिलियन लोकांना हा हिशेब माहीत नसतो म्हणून सांगतो. पगारातून दरमहा फंड कापला जाई, तो आपलाच पैसा. पेन्शनसाठी काही कापत नसत, पण पंधरा वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष पलटणीतली नोकरी, भरावी लागे. जवान लढाईत पडला तर ती अट नाही. बायकोला फॅमिली पेन्शन मिळे, फक्त कागदावरची बायको तीच हे सिद्ध व्हावं लागे.

वर चौकीवर एके दिवशी सकाळी पाच चाळीसला चिन्यांचा फायर सुरू झाला. साडेसातला वायरलेसवर प्लाटून कमांडर बोलले, “सेक्शन दो, पीछे आओ. कव्हर रखो. ओव्हर.”

बाकीचे मागे येईपर्यंत कव्हरला एलएमजी, हलकी मशीनगन, ठेवायची होती. मी वेस्ताकडे बोट केलं.

“दोन मॅगझिन. मग खाली ये.”

“जी, उस्ताद.”

आम्ही नाल्यात उतरलो. एलएमजी बराच वेळ चालू होती, मग थांबली. मी पुन्हा वर रांगत गेलो. वेस्ताच्या गळ्यात गोळी लागली होती. त्याला उचलून आणण्याइतका वेळ मिळाला नाही. संध्याकाळी रिपोर्ट दिला : किल्ड इन ॲक्शन.

पासष्टला माझी पंधरा वर्षं भरली आणि मी घरी आलो. माझं पेन्शन दुसऱ्याच महिन्यात सुरू झालं. मोलगीच्या बाजारात जेमीला शोधून भेटलो. वेस्ता एलएमजीवर एकटा मागे राहिला एवढंच सांगितलं. तिला एक पैसाही मिळाला नव्हता. देवगोईचा घाट पायी उतरून ती दीर रुमाला घेऊन पाच वेळा तालुक्याच्या ट्रेझरीत गेली होती. एकदा पोलीस पाटलाचा दाखला हवा होता. एकदा पुन्हा लग्न केलं नाही याचा. तो नेला तर साहेब रजेवर.

सहाव्या वेळी मी बरोबर गेलो. सव्वादहाला खिडकीपाशी उभे राहिलो, अडीचला कारकुनाने फाइल काढली.

“पेन्शन जेमाबाईचं आहे. ही जेमी. दोघी एकच कशावरून?”

जेमी बाजारातलं मराठी बोलायची. “मी जेमी. जेमाबाई कोण?”

फाइलीत माझ्या फॉर्मची नक्कल होती. अक्षर माझं होतं. 

“ते नाव मी लिहिलं,” मी म्हणालो. “चूक मन्ही शे.”

मी अहिराणीत बोललो तसा तोही अहिराणीत आला. “दादा, मन्हा हातमा काय शे? कागदवर जे शे तेच खरं. रेकॉर्ड ऑफिसले लिहा.”

लिहिलं. उत्तराला चार महिने लागले. ॲफिडेव्हिट मागितलं, ते पाठवलं. मग शिक्का पुसट आहे म्हणून परत आलं. पुन्हा पाठवलं. चौकीवर मी असा माणूस दोन मिनिटांत सरळ केला असता. इथे कोणाला सरळ करायचं तेच कळेना. सगळे नियमानेच वागत होते.

दीड वर्षाने पेन्शन ऑर्डर आली, मागच्या थकबाकीसकट. जेमीने अंगठा दिला, पैसे पदरात बांधले आणि बाहेर पायरीवर बसली. रुमा पाणी आणायला गेला.

“त्याला एकटं कोणी ठेवलं?” तिने विचारलं.

तेव्हापर्यंत मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

“मी.”

तिने पदराची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, “दुसरा कोण राहिला असता?”

मी सेक्शनमधला एकेक चेहरा आठवला. दुसरा कोणी राहिला नसता. ते माहीत होतं म्हणूनच माझं बोट त्याच्याकडे गेलं होतं.

शिपाई वेस्ता वसावे. वय चोवीस. रम घेत नसे, आपला वाटा थंडीने कुडकुडणाऱ्याला देई. सुटीवरून येताना सगळ्या सेक्शनसाठी मोहाची फुलं भाजून आणी. त्याच्यामुळे आम्ही आठ जण खाली आलो.