पुढचे दोन शॉकअप

आमची गाडी जुनी. आमच्याकडे आली तीच दोन मालक करून. तिला दुसऱ्या कुणी नावं ठेवली की मला राग येतो. मी स्वतः मात्र दिवसातून दोनदा ठेवते.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, किडन्या निकामी झाल्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार आम्ही सेलूहून परभणीला जातो. सकाळी निघायचं, त्यांना डायलिसिसच्या खाटेवर झोपवायचं, चार तास बाहेर बाकावर बसायचं आणि परत यायचं. त्यासाठी खाजगी शाळेतली नोकरी मी सोडली. भाऊ पुण्याला असतो, तो फोनवरून काळजी करतो. सुरुवातीला शेजारपाजारचे विचारपूस करायचे, कुणी पेरू आणून द्यायचं, आणि तो अण्णांना चालत नाही म्हणून मी एकटीच खायचे. आता कुणी विचारत नाही. रोज मरे त्याला कोण रडे.

रस्त्याचं काय सांगावं? आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचं डांबर कितीही नवं असलं तरी वर्षभरात त्याला लाटा येतात. त्या लाटांवर आमची गाडी आदळायची आणि अण्णा म्हणायचे, "लय आदळायलीय, माय."

जिनिंगमध्ये जन्मभर कापसाचा काटा सांभाळलेला हा माणूस, बोलणंही मोजूनमापून. म्हणून आधी मला ती नुसती माहिती वाटली. मग तेच कारण झालं. सकाळी मी चप्पल घालून उभी आणि अण्णा पलंगावर बसून म्हणणार, "आज न्हाई येत. त्या गाडीत कंबरडं मोडायलंय." डायलिसिसची एक पाळी चुकली की पाय सुजायचे, धाप लागायची. डॉक्टर रागवायचे ते मला. शेवटच्या वेळी त्यांनी स्पष्टच सांगितलं, आता पाळी चुकली तर जिवावर बेतेल.

आमच्या मिस्त्रींची गाडी तपासायची एक रीत आहे. दोन्ही हातांनी बॉनेट खाली दाबतात आणि सोडून देतात. चांगली गाडी एकदा वर येते आणि गप उभी राहते. आमची मान डोलवत बसायची. "शॉकअप बसले," ते म्हणायचे. पुढच्या चाकाजवळ स्प्रिंगच्या आत तेलाचं एक जाड नळकांडं असतं, रस्त्याचा हिसका ते आपल्या पोटात घेतं. तेल गळालं की हिसका थेट माणसाच्या मणक्यात. नवे टाका, आणि एक नाही, जोडीने टाका, असं मिस्त्री वर्षभर सांगत होते. मी जुनेच भरून घेत होते. काढायचे, तेल भरायचं, वरून झाळून बंद करायचं. महिनाभर बरं चालायचं, मग चाकाच्या आतल्या बाजूला परत तेलाचा ओघळ. तिसऱ्यांदा मिस्त्री हात पुसत म्हणाले, "म्याडम, हे टिकत न्हाई ते तुमाला म्हाईत हाय. मग का भरायलात?"

"पुढच्या वेळी बघू," मी म्हणाले.

डॉक्टरांचं ऐकून आल्यावर मात्र मी नवे मागवले. रविवारी गाडी गॅरेजला टाकली आणि दिवसभर तिथेच स्टुलावर बसले. मिस्त्रींनी शिकंज्यात स्प्रिंग दाबून धरली, जुना शॉकअप ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. दांडा बोटाने ढकलला तर आत गेला आणि तिथेच पडून राहिला, परत येण्याचं नाव नाही. मला त्याची कीव आली, मग स्वतःचाच राग आला. संध्याकाळी त्यांनी बॉनेट दाबून सोडलं. गाडी एकदा वर आली आणि उभी राहिली.

सोमवारी अण्णा मुकाट्याने बसले. गाडी लाटांवरून अशी गेली की मला लहान मुलीसारखा आनंद झाला. दर खड्ड्याला मी त्यांच्याकडे बघत होते. वाटेतलं पेडगाव जवळ आलं तरी ते काही बोलेनात. शेवटी मीच विचारलं, "आता बरंय ना, अण्णा?"

"गाडी लय चांगली झाली," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पर आजार म्हशीला आन् इंजेक्शन पखालीला. मला जायचंच न्हाई, माय. कट्टाळलो. गाडीचं आपलं सांगायला सोपं व्हतं. वळव गाडी."

मी चिडले. इतक्या लांब मी कुणासाठी येते, नोकरी कुणासाठी सोडली, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं ना, सगळं बोलून घेतलं. ते खिडकीबाहेर बघत ऐकत राहिले. माझं संपल्यावर शांतपणे म्हणाले, "कालच्याला तू गाडी रविवारी टाकली गॅरेजला. त्याच्याआधी तिन्ही येळंला सोमवारीच टाकली व्हती. भाड्यानं गाडी सांगता आली असती, न्हाई सांगितली. मी काय बोललो का तुला?"

मी गाडी बाजूला घेतली. ते सोमवार मला लख्ख आठवले. गाडी गॅरेजला, अण्णा पलंगावर, आणि मी दुपारी दार लावून तीन-तीन तास झोपलेली. तितकी गाढ झोप मला एरवी लागत नव्हती. दोन दिवसांनी त्यांचे पाय सुजले की मी मिस्त्रींना बोल लावायचे.

"रडू नको," अण्णा म्हणाले. "तूबी थकलीस. म्या बघायलोय की."

मागून एक ट्रॅक्टर आला, हॉर्न देऊन पुढे गेला. गाडी वळवावी असं त्या क्षणी मलाही वाटत होतं, हे लिहिताना लाज वाटते.

अण्णांनीच सीटचा पट्टा सरळ करून लावला. "आजच्या दिवस चल. बुधवारचं दोघं मिळून ठरवू."

मी गिअर टाकला. बुधवारी काय ठरावं असं मला वाटत होतं, ते मला सांगता आलं नसतं, आणि त्यांनी तेव्हा विचारलंही नाही.