निरोप झाल्यावर पुन्हा कामावर

चौसाळ्याला हायवेवर एका दूध शीतकरण केंद्रात मी मशिनीवर होतो. पगारातून पीएफ कापला जायचा, त्याकडं मी कधी लक्ष दिलं नाही. मग बायकोनं शेळ्या पाळायचं मनावर घेतलं. लिंबागणेशजवळ आमची थोडी जमीन आहे. तिथं शेड मारायचं, पीएफ काढून शेळ्या घ्यायच्या, असं ठरलं आणि मी राजीनामा दिला. सोबतच्यांनी शाल घातली. मालकांनी इतकं गोड भाषण केलं की ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पीएफचं बघायला केजला गेलो. बायकोची मावसबहीण तिथं कर सल्लागार आहे. तिनं माझं पीएफचं खातं कॉम्प्युटरवर बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"दाजी, पाच वर्षं भरायला तीनच महिने राहिलेत की! कावून सोडली नोकरी?"

"त्यानं काय व्हतं?"

"सलग पाच वर्षांच्या आत पीएफ काढला की त्याच्यावर टॅक्स लागतो. पाच भरल्यावर काढला तर न्हाई."

"आन् आधीची पुण्याच्या कंपनीतली वर्षं?"

"तिथला पीएफ इकडं वर्ग केला असता तर तीबी धरली असती."

तो मी तेव्हाच काढून लग्नात उडवला होता. लग्न तिच्याच बहिणीशी झालेलं, त्यामुळं तिनं तो विषय तिथंच सोडला.

"मालकानं नोकरी सुटल्याची तारीख कळवली का?" तिनं विचारलं.

"न्हाई अजून."

"मग राजीनामा मागं घेता येतो. इथं कशाला बसलाव? पळा!"

दुपारी केंद्रावर पोचलो तेव्हा मालक चहा पीत होते.

"काय बे, काय इसरलास?"

मी सगळं सांगितलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. "मग काल बोललो ते परत घेऊ का?"

"ऱ्हाऊ द्या मालक, तीन महिन्यांनी कामाला यील."

माझ्या जागेवर माणूस मिळाला नव्हताच. मालकांनी राजीनामा फाडला आणि मी शर्टाच्या बाह्या वर करून मशिनीकडं गेलो.

बायको मात्र तीन महिने थांबणाऱ्यातली नव्हती. तिनं शेजारच्या धनगर मामांकडून दोन गाभण शेळ्या आणल्या. त्यांच्याकडूनच चारापाणी, दुखणीखुपणी शिकून घेतली. मी ड्यूटीवरून यायचो तर अंगणात करडं उड्या मारत असायची.

पुढं तीन महिने भरून मी पुन्हा नोकरी सोडली आणि पीएफ आला, टॅक्स न कापता, पूर्ण. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "आता धंदा मी बघतो."

"तुमी पाला आणा," ती म्हणाली. "बाकीचं माझं मी बघते."

गेल्या आठवड्यात बाजारात एका व्यापाऱ्यानं मला बोकडाचा भाव विचारला. मी दावं धरून उभा होतो. मी बायकोकडं बोट दाखवलं. तो तिच्याशी बराच वेळ झगडला आणि शेवटी तिनं सांगितलेल्याच भावाला बोकड घेऊन गेला.