बिनसाखरेचा लिंबू सोडा

धुळ्याच्या एमआयडीसीत शीतपेयांच्या एका कारखान्यात मी केमिस्ट होते. तिथे मधुमेहींसाठी एक लिंबू सोडा निघायचा, लेबलवर ठसठशीत 'बिनसाखरेचा'. दर शनिवारी त्याच्या चार बाटल्या मी दीपनगरला आबांसाठी, माझ्या वडिलांसाठी, न्यायचे. तेवढंच एक गोड त्यांना चालतं म्हणून ग्लासही मीच भरून द्यायचे.

त्या सोड्याची तपासणी मालक आपल्या भावाकडेच ठेवत. एकदा भाऊ रजेवर होता, म्हणून बाटली माझ्याकडे आली. ढवळून गॅस काढला आणि साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकले. आकडा शून्याच्या आसपास हवा होता. आला साडेदहा. काच पुसून पुन्हा बघितलं. साडेदहाच. साध्या सोड्याचाच पाक होता, लेबल तेवढं वेगळं.

वही घेऊन मालकांकडे गेले. त्यांनी कामगारांसमोर ते पान टरकावलं.

"तुनं मशीन बिघडेल शे, आन तुनं डोकं बी!"

दुसऱ्या दिवशी मला गेटच्या आत घेतलं नाही. अन्न खात्याकडे तक्रार केली, पण तपासलेली बाटली आणि वहीचं पान कारखान्यातच राहिलं होतं; कुणी दखल घेतली नाही.

त्याच पावसाळ्यात आबांच्या पायाची जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. सोड्यामुळेच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणते.

पुढे जळगावच्या एका प्रयोगशाळेत लागले. चार वर्षांनी एका मोठ्या दुकानाने फळीवरून उचललेल्या सहा बाटल्या तपासायला पाठवल्या. लेबल तेच, 'बिनसाखरेचा'. मी हात लावला नाही. सहकाऱ्याला मोजायला लावलं. आकडा माझ्या रागाचा नको होता, बाटलीतलाच हवा होता. साखर तेवढीच निघाली. सोडियमही लेबलवरच्यापेक्षा दुप्पट.

अहवाल गेल्यावर मालक स्वतः आले. मला ओळखून क्षणभर दारातच थबकले.

"ताई, काही चूक व्हयनी व्हई. एकदाव परत देखा ना."

"मी नाही. तुम्ही बघा."

बाटली त्यांनाच उघडायला लावली, थेंबही त्यांनाच टाकायला लावले. त्यांनी रिफ्रॅक्टोमीटरच्या भिंगाला डोळा लावला.

"वाचा."

"साडेदहा."

"मोठ्याने. ऑफिसात ऐकू गेलं नाही."

त्यांनी मोठ्याने वाचलं. मग मी आबांच्या अंगठ्याचं सांगितलं. ते खाली बघत राहिले आणि मला त्यांना तसंच बघत राहावंसं वाटलं. मी घाई केली नाही.

दुकानाने माल परत केला. सरकारी तपासणी झाली, ती लाइन बंद पडली. तिथे बाटल्या धुणाऱ्या बायांचं कामही गेलं. त्यांतल्या एकीने फोन करून मला शिव्या घातल्या. त्या मी शेवटपर्यंत ऐकल्या. मालकाची मात्र मला आजही दया येत नाही.