साहेबाचा त्रिफळा

रविवार, १२ ऑक्टोबर. दिवाळीआधी माळा साफ करायला घेतला होता. एका पिशवीत बाबांकडचा जुना क्रिकेटचा चेंडू सापडला. नाकाशी धरला, तर चामड्याचा वास अजून शिल्लक होता.

बाबा सिव्हिल लाइन्समधल्या एका क्लबचं मैदान सांभाळत. मी नववीत असताना तिथे एक म्हातारा इंग्रज आला. तो लॉर्डाचा मुलगा होता आणि तरुणपणी याच मैदानावर खेळला होता. क्रिकेट, पोलो, मुष्टियुद्ध आणि शिकार, याखेरीज त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं.

"मंग पोट कसं भरते त्याचं?" आईने विचारलं.

"जमीन आहे वं त्याले," बाबा म्हणाले.

त्याने बॅट मागितली. क्लबचे लोक त्याला अगदी अलगद चेंडू टाकू लागले. तो चिडून लाल झाला आणि कडेला उभ्या असलेल्या मला त्याने बोलावलं. मी जोरात टाकला. मधला स्टंप उखडला.

"म्हाताऱ्याले काहून आउट केलं वं?" बाबांचा डबा घेऊन आलेली आई कडेवरून ओरडली.

साहेबाने टोपी काढून मला सलाम केला, स्वतः वाकून स्टंप रोवला आणि चेंडू पुन्हा माझ्याकडे फेकला. तेव्हा तो मला वेडा वाटला होता.

गुडघा दुखायला लागल्यापासून बॅडमिंटनला माझी मैत्रीण सुनंदा मला सोपे शटल देते. मुलगी म्हणते, "आई, आता पुरे कर." माळ्याखाली चेंडू घेऊन बसले, तेव्हा साहेबाचा राग मला पहिल्यांदा समजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून कोर्टवर गेले आणि सुनंदाला सांगितलं, "आज जोरात मार वं. हरले तर हरले."